बासष्ट पुस्तकं

म्फांगानो बेट, व्हिक्टोरिया सरोवर
१२ जानेवारी २००४

चि. नफ्ताली यास,

आशीर्वाद. तुझ्या शिक्षण कार्यालयाने आमच्या शाळेची सुबा भाषेतली बासष्ट वाचनपुस्तकं नावेत घालून पलीकडच्या किनाऱ्यावर नेली आणि कपाटात बंद केली, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तब्येतीची चौकशी पुढच्या पत्रात.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं खपून ती पुस्तकं मी तयार केली. आता पहिली-दुसरीच्या साठ मुलांसमोर रिस्पाबाई रिकाम्या हाताने उभी राहते. लहान वर्गांना गावाच्या भाषेत शिकवायचं, हा सरकारचाच नियम. तुझ्या कारकुनाने आमच्या गावाची भाषा लुओ लिहिली. कशी, ते ऐक. पालकांच्या सभेत त्याने घरी काय बोलता, असं लुओत विचारलं. लोकांनी लुओतच सांगितलं, की घरी सुबा बोलतो. पाहुण्याशी त्याच्या भाषेत बोलायचं ही आपली रीत. आईने तुलाही लावली होती. त्या शहाण्याने उत्तर ऐकलंच नाही, फक्त भाषा ऐकली. आणि त्याखाली तू सही केलीस. सुबा आईच्या पोटचा तू.

सोमवारच्या नावेने पुस्तकं धाड. लोभ उरला आहे की नाही, ते त्यावरून समजेन.

पेरेस

१९ जानेवारी

ती. पेरेसताईस,

सा. न. पत्र मिळालं. नावाड्याने ते सुक्या मासळीच्या टोपलीत ठेवलं होतं. तुझ्या शब्दांपुढे मासळीचा वास सौम्य वाटला.

कारकून गाढव आहे, मान्य. सही मात्र मी समजून केली. पालकांना इंग्रजी हवी. ती नाही तर निदान बाजारात चालणारी लुओ. सुबा शिकून मूल कुठे पोचणार? बेटाच्या मागच्या बाजूला.

आणि हे तू मला शिकवावंस? १९७१ साली तू ट्रेनिंग कॉलेजातून नवी बाई होऊन आलीस. मी तिसरीत. वर्गात सुबा बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी चकती. दुसऱ्याला पकडून दिलं तरच सुटका. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात, त्याला छड्या. मी तुला सुबात ताई अशी हाक मारली आणि नाकातून रक्त येतंय, एवढंच सांगितलं. तू चकती घातलीस. मी कुणाला पकडून दिलं नाही. पाच छड्या खाल्ल्या. घरी तूच मक्याच्या पिठाची उगाली वाढलीस आणि उद्यापासून इंग्रजीत माग म्हणालीस. पुढे वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. मुलगा शांत झाला, असं तू गावभर सांगत होतीस.

दुसऱ्या दिवशी चकती हरवली म्हणून तू सगळा वर्ग उन्हात उभा केलास. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या मुलांना सुबा का येत नाही, हेही एकदा लिही.

पुस्तकं मिळणार नाहीत. आशीर्वाद तुझे तुझ्याकडेच ठेव.

नफ्ताली

२३ जानेवारी

चि. नफ्ताली यास,

छड्या पाच नव्हत्या, सहा होत्या. मी वहीत लिहिल्या होत्या. कॉलेजात तसंच शिकवलं होतं, पण हात माझा होता. कॉलेजला पुढे करत नाही.

माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. साठ मुलांनी तुझं काय घेतलं आहे? तुझ्या कपाटातलं एक पुस्तक उघड. पहिला धडा वाच, वाचता येत असेल तर. मुलगा बाईला नाकातून रक्त येतंय असं सांगतो, आणि बाई हातातला खडू टाकून त्याचं नाक पुसते. एवढाच धडा आहे. कुणासाठी लिहिला, हे विचारू नकोस.

सोमवारी मी स्वतः येते. पालकांच्या सह्यांचा नवा कागद आणते. या वेळी प्रश्न रिस्पाने सुबात विचारला. चहा करायला सांगू नकोस.

पेरेस

पोच
२६ जानेवारी २००४

आज कार्यालयात निवृत्त शिक्षिका पेरेस यांच्या हवाली केलं:

सुबा वाचनपुस्तकं, एकसष्ट. बासष्टावं नफ्ताली यांनी स्वतःकडे ठेवलं.
लाकडी चकती, एक, सुतळीसकट.

देणार: नफ्ताली
घेणार: पेरेस

चकतीपुढे घेणाराने वेगळी सही करून लिहिलं आहे: माझीच आहे. मिळाली.