वहिनी, तुझी गंजी मोडली

प्रिय वहिनी,

काल आपल्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजला. तुझ्या हाताशिवायचा पहिला. अंघोळ झाली तरी धुराचा वास अंगावरून गेलेला नाही. दादा ओटीवर गाढ झोपलाय. आणि मला हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, कारण राब कसा झाला हे खोदून खोदून विचारणारं माणूस या घरात तूच होतीस.

पौषात तू गेलीस. माळावरचं गवत कापून झालं होतं, टेम्पो भरून वाणगावच्या वखारीत गेलं होतं, झोडलेलं भात कणगीत पडलं होतं. आणि मग साध्या तापाचं निमित्त. सगळं हातावेगळं करून गेली, असं लोक कौतुकाने म्हणाले. मला राग आला. एवढी कसली घाई होती ग?

त्यानंतर दादा शेताकडे फिरकलाच नाही. माघात लोक झाडांचे टाळे, पानांच्या फांद्या तोडू लागले, राबासाठी पालापाचोळा गोळा करू लागले. आपला शेणाचा ढीग गोठ्यामागे तसाच. मी पालघरहून आलो, विचारलं, तर म्हणाला, "माळावर गवत येतं आपसूक. खाचरात पण येऊ दे. पोरगी माकुणसारला नांदते, तू पालघरला. भात कोणासाठी लावू?"

याचं उत्तर तुला सुचलं असतं.

सुचलं ते घिवलीच्या हिराबाईला. बाजारातली तुझी मैत्रीण, दरवर्षी तुला सुके बोंबील देऊन तांदूळ नेणारी. फाल्गुनात ती टोपली घेऊन दारात आली, पायरीवर बसून तुझ्या नावाने रडली, डोळे पुसले आणि दादाकडे वळली.

"काय भाऊ, राबाची तयारी नाय दिसत?"

"यंदा नाय लावायचं."

"का? हात मोडले? माझा नवरा गेला तवा आमी होडी रेतीत कुजत ठेवली नाय. पोरांनी दर्यात घातली. आणि तू धडधाकट बाप्या, ओटीवर बसून माशा मारतो!"

"तुला काय जातं बोलायला? तुला तांदूळ पायजेत."

"पायजेतच! मग बोंबील काय फुकट देऊ तुला?"

तू गेल्यापासून दादा पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन टाळे तोडायला गेला.

पण वहिनी, एक गोष्ट तू कोणालाच शिकवली नाहीस. राबाला आग लावणं! भाताचं बी पेरायच्या त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत आणि वरून माती पसरायचं काम आम्ही सगळे करायचो. काडी मात्र तुझीच. "वारा काय शिकवायचा, भावजी? नाकाला कळतो," म्हणायचीस. कळत असेल तुझ्या नाकाला! चिमूटभर माती उचलून सोडायचीस, दर्याचा वारा नीट सुरू व्हायची वाट बघायचीस आणि माळाच्या बाजूने आग लावायचीस. मग ती वाऱ्याच्या उलट, रांगत रांगत पुढे सरकायची. दादा समोरच्या, पश्चिमेच्या बांधावर ओला टाळा घेऊन आगीची वाट बघत उभा. वर्षानुवर्षं त्याची जागा तीच.

गेल्या आठवड्यात त्याने तिथूनच आग लावली. आयुष्यभर जिथे उभा राहिला, तिथूनच! मला तरी कुठे कळलं? वारा पाठीमागून आला आणि आग रांगलीच नाही, धावली. बघता बघता सगळा राब ओलांडून माळावर गेली. तू माळाची कड दरवर्षी खरवडून मोकळी करून घ्यायचीस, तेही आम्ही विसरलो होतो. आम्ही दोघे टाळ्यांनी झोडपत सुटलो. शेजारचे धावून आले म्हणून थोडक्यात निभावलं. तरी माळाचा एक कोपरा काळा झाला.

राबात हात घातला तर वर नुसती काजळी, खाली माती कच्ची, थंड. तणाचं बी जिवंतच. दादा बांधावर बसला.

"बघितलंस? ती गेली तवाच शेत गेलं."

या वेळी त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता. म्हणून मी घाबरलो.

पुन्हा भाजायचा तर गवत हवं होतं आणि ते एकाच ठिकाणी होतं. गोठ्याशेजारी घरच्यासाठी ठेवलेल्या गवताची तू रचलेली शेवटची गंजी. दादाने तिची काडी कोणाला काढू दिली नव्हती. गाईसाठी पेंढा विकत आणत होता! मी त्या गंजीचं नाव काढलं नाही. त्यानेही नाही. सहा-सात दिवस आम्ही तिच्या शेजारून ये-जा करत राहिलो.

काल सकाळी चहाचा कप खाली ठेवून तो उठला, शिडी लावली आणि वर चढला. तू बांधलेली शेंड्याची गाठ सोडायला त्याला फार वेळ लागला. मी खाली उभा होतो, वर बघितलं नाही. पहिला भारा माझ्या अंगावर पडला. आतलं गवत अजून हिरवट होतं.

"बघ," दादा वरून म्हणाला, "दवाचा थेंब आत गेला नाय."

दुपारी त्याने माळाची कड कुदळीने खरवडली. वारा स्थिर झाल्यावर माळाच्या बाजूने काडी लावली. त्याच्या जागेवर टाळा घेऊन मी होतो. आग रांगत आली, वहिनी. इतकी सावकाश, की धुरापलीकडचा दादा मला किती तरी वेळ दिसलाच नाही. विझत आल्यावर त्याने राखेत बोटं खुपसली, भाजली तशी झटकली.

"खालपर्यंत गेलाय," म्हणाला. मग हात पुसत, "कोलम लावू यंदा."

तुला राग नाही ना आला? तुझ्या हातचं उरलेलं शेवटचं काम आम्ही जाळलं. तू असतीस तर पहिल्याच दिवशी जाळलं असतंस आणि आम्हा दोघांना वेड्यात काढलं असतंस, हे ठाऊक आहे. तरी विचारतो.

गंजी रचणं ना दादाला येतं, ना मला. पण दिवाळीनंतर माळ कापायला लागला की मी राहायला येईन आणि आम्ही दोघे मिळून रचू. वाकडी होईल, ढासळेल. ढासळली तर पुन्हा रचू. वहिनी, गाईला विकतचा पेंढा आता घालणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा धाकटा दीर,
वसंत