फोनवर गिळलेला शब्द

दादा,

कोठडी हे औषध नव्हे, असं मी सात वर्षं सभांतून गरजले. आजपासून मनोरुग्णासाठी फोन आला की पोलिसांच्या गाडीत नर्सही बसते. पहिल्याच घरी एकजण दार लावून ओरडत होता. नर्सनं उंबऱ्यावर बसकण मारली. "भाऊ, घसा सुकला असेल. पाणी देऊ?"

"त्या पोलिसांना आधी जोडे काढायला सांगा!" तो आतून ओरडला.

हवालदारानं निमूट जोडे काढले. दार उघडलं. त्याला दवाखान्यात नेलं.

तू ओरडत होतास, तेव्हा "आजारी आहे" म्हणायची मला लाज वाटली. पोलिसांना फोनवर "धिंगाणा घालतोय" म्हणाले. त्यांनी तुला बेड्या घातल्या. सुटलास, पण घरी आला नाहीस.

हे कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. तुझा पत्ता कळू दे. पाणी घेऊन उंबऱ्यावर बसेन, अनवाणी.

ऐन वेळी गप्प बसलेली,
तुझी बडबडी