वारा की ऊन: गच्चीवरचा शास्त्रशुद्ध अभ्यास

४ मार्च
हिचं शिवणयंत्र पुन्हा बंद. दुपारी बारा ते चार वीज जाते आणि हिला शिवायला वेळ नेमका तेव्हाच. सकाळी दुकानातली नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास. संध्याकाळी शिव म्हणालो, तर मग स्वयंपाक तुम्ही करा म्हणाली. विषय तिथेच संपला.
शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर घेऊन बसली आहे. हिच्या भावाने सोलर पॅनेल्स बसवलीत, तशी आपणही बसवू म्हणते. मेहुण्याने केलं की आपण करायचं? आधी अभ्यास. या भागात घराला विजेसाठी वारा परवडतो की ऊन, हे आजवर कुणी नीट पाहिलेलंच नाही.

७ मार्च, सायं. ७.१५
ऑफिसातून आलो, चहा घेतला, गच्चीवर गेलो. वाऱ्यासाठी रुमाल, उन्हासाठी सोलर कॅल्क्युलेटर. दोन्ही एकाच वेळी मोजायचं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.
रुमाल फडफडला. कॅल्क्युलेटर लागला नाही.

८ मार्च, सायं. ७.३०
रुमाल उडून शेजारच्या गच्चीवर. कॅल्क्युलेटर ढिम्म.

१० मार्च
शेजारचे रिटायर्ड मास्तर रुमाल परत द्यायला आले. म्हणाले, ऊन दुपारी का मोजत नाही? दुपारी मी ऑफिसात असतो. रिटायर्ड लोकांना कामाची कल्पना नसते.

१९ मार्च, रविवार
सुट्टी. दुपारी झोपलो. निरीक्षण नेहमीच्या वेळेलाच. अभ्यासात सातत्य लागतं.

२ एप्रिल
निष्कर्ष: या भागात ऊन नाही.
हिला सांगितलं तेव्हा ही गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती. कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला. पटलं असावं.

९ एप्रिल
पवनचक्की बसली. बसवणारा बॅटरी गळ्यात मारत होता. वारा रोज येतो, साठवायचा कशाला? हाकलून दिला.
संध्याकाळी पाती गरगरली. मेन स्विच बंद करून सगळ्यांना दाखवलं. घरभर दिवे. मुलीने टाळ्या वाजवल्या. हिने विचारलं, दुपारचं काय? काही माणसांना आनंद होतच नाही.

१० एप्रिल
हिचा दुपारी ऑफिसात फोन. पातं हलत नाही. म्हटलं, नवीन आहे, रुळेल.

१८ एप्रिल
पातं दुपारी अजून रुळलेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी निम्मी ऑर्डर काढून दुसऱ्या बाईंना दिली. माझ्या मते मुळात ऑर्डरच झेपण्यापेक्षा मोठी होती. ही जेवली नाही. समजूत काढावी म्हणून वाऱ्याचा तक्ता दाखवला. ही तशीच उठून आत गेली. जरा वाईट वाटलं. तक्त्यावर मेहनत घेतली होती.

२३ एप्रिल, रविवार
मेहुणा टेम्पो घेऊन आला. शिवणयंत्र त्याच्या घरी चाललंय. उरलेले गणवेश ही तिथे शिवणार, दुपारी. मेहुणा पॅनेल्सबद्दल एक अक्षर बोलला नाही, हे फार लागलं. एका बाजूने त्याने उचललं, दुसऱ्या बाजूने मी.
जिन्यात हिला म्हणालो, हे तात्पुरतंच आहे ना.
ही म्हणाली, खालून धरा, पायरी आहे.