वेगळं टेबल

होम्स काउंटी, ओहायो
मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

प्रिय सलोमाताई,

येशूच्या नावाने नमस्कार. इकडे सगळे बरे. सफरचंदाचा मुरांबा घोटून झाला, चाळीस बरण्या भरल्या.

वेर्नाच्या मातीला तू आलीस, तेव्हा तुला चुलीजवळच्या वेगळ्या टेबलावर वाढलं. पंथ सोडलेल्यांबरोबर जेवायचं नाही, हे तुला काय सांगायचं? पण धाकट्या बहिणीला पुरून आलो आणि तुझं ताट लांब. मला माझीच किळस आली.

तू शेरीफकडे गेलीस म्हणून योस्टवर खटला तरी उभा राहिला. कोर्टाला तो सांगतो, बायको तोल जाऊन माळ्यावरून पडली. आपल्या सभेत मात्र गुडघे टेकून म्हणाला, "रागावर ताबा राहिला नाही." त्या रागाने काय केलं, हे कोणी विचारलं नाही. सहा आठवडे बहिष्कार, मग बिशप मेनोंनी हात धरून उठवलं, बंधुभावाचा मुका घेतला. झालं! क्षमा केल्यावर विषय काढणं हेच पाप. आता बायका त्याला नूडल्सची पातेली पोचवतात, वर स्थळंही सुचवतात. शिसारी येते गं.

शुक्रवारी माझी साक्ष आहे. काल मेनो येऊन बसले.

"लोवीना, आपण शपथ घेत नाही."

"कोर्टात शपथेशिवाय चालतं म्हणाले. खरं बोलेन एवढं म्हटलं की पुरे."

"योस्टला सगळ्यांनी दिलेल्या क्षमेच्या पत्रावर तुझीही सही आहे ना, बाई? मग तोंड उघडलंस तर बहिष्कार."

आणि जाताना माझ्याच मुरांब्याची बरणी काखोटीला मारली!

हो, सही माझीच. आणि इतके दिवस तुला लिहायचं टाळलं ते हे. वेर्नाला शेवटचे कपडे मी घातले. डॉक्टरांनी फुटलेलं डोकं तेवढं पाहिलं होतं. मी गळा पाहिला. पाच बोटं उठली होती, काळीनिळी. तिच्या लग्नातलं पांढरं कापड मी गळ्यापर्यंत वर ओढलं, सहा टाचण्या लावल्या आणि बाहेर येऊन म्हटलं, "या, बघून घ्या." तेव्हापासून हात कितीही धुतले तरी घाण वाटतात.

बहिष्कार पडला की नवऱ्यालाही माझ्याबरोबर जेवता येणार नाही. आज सकाळी ऑल्विन गोठ्यापाशी एका छोट्या टेबलाला रंधा मारत होता. मी विचारलं, "कोणासाठी?" तो रंधा मारतच राहिला. वीस वर्षांचा संसार, ताई.

त्या टेबलावर मी जेवणार नाही. शुक्रवारी कोर्टातून थेट तुझ्याकडे येईन. दोन ताटं एकाच टेबलावर मांड.

तुझ्या शेजारी बसून जेवणारी,
लोवीना