पंपाच्या गटात पाण्याचा तांब्या

१० मार्च, मंगळवार

सगळ्यात आधी छबुबाई आली. शेजारचाच मळा तिचा, माझा सौरपंप बंद पडल्याचं तिला माझ्याआधी कळलं असंल! वाटीभर कुरडयांचा चीक खाल्ला, गूळ अजून मागितला, मग पंपाचं विचारलं. तिच्यामागं गावातला आसाराम. त्यानं पंपाच्या बटणाच्या डब्याला दोन थापा मारल्या, म्हनला डबा जळला, कंपनीचा माणूस बोलवा. तो माणूस पंधरा दिवसांनी येतो. तोवर गाय काय हवा पिईल?

लेक रामहरी अन् सून मनिषा ऊसतोडीला गेलेत, पाडवा झाल्यावर येतील. रामहरीला फोन केला तर म्हनतो, आई, तू हात लावू नको. कावून लावू नको? चार महिने मीच चालवते हाय!

त्यानंच जाताना मला फोनातल्या गटात घातलंय — सौरपंप मदत. नऊशे माणसं. लिहायला हात लई हळू, म्हणून फोनात बोलले, त्यानं आपोआप लिहिलं: सकाळपासून पंप बंद, लाल दिवा लुकलुकतो, काय करू?

आता बघू. नऊशेतल्या एकाला तरी येत असंलच.

११ मार्च, बुधवार

आली की उत्तरं! "आधी नियम वाचा." "मागं शोधा, शंभरदा सांगितलंय." एकानं नुसतं रडेपर्यंत हसणारं तोंड पाठवलं. गटाचा मालक तेलगावचा विजयसिंह. त्यानं लिहिलं — फोटो, मॉडेल नंबर, किती व्होल्ट, हे टाकल्याशिवाय प्रश्न विचारू नये, पुन्हा विचारल्यास काढण्यात येईल. खाली जोडलेले हात. हाकलून देतो म्हनायचं अन् वर नमस्कार!

आमच्या दारात कुणीबी येऊ दे, आधी पाण्याचा तांब्या. पाणी पिऊन झालं की मग विचारायचं, कावून आलता. माझी सासू तर भांडायला आलेल्यालाबी पाणी द्यायची. निम्मं भांडण तिथंच बसायचं.

गाईला छबुबाईच्या हिरीवरून सहा घागरी आणल्या. कंबर धरली.

दुपारी सिरसाळ्याच्या बबिताचा फोन. ओळख न देख, गटातच माझा नंबर बघितला. तिनं व्होल्ट विचारले न्हाईत. एकच विचारलं, "मावशी, परवा चालत होता ना? मग परवापास्नं नवीन काय केलं?"

काहीच न्हाई म्हनले. कुरडया तेवढ्या केल्या.

"वाळत कुठं घातल्या?"

तिच्याआधी मीच हसले! पंपाच्या काचेच्या पाट्यांवर घातल्या होत्या. ऊन तिथं चांगलं, कोंबडी चढत न्हाई, कुत्रं पोचत न्हाई. जुनं लुगडं टोकांनी बांधून वर कुरडया. लुगडं काढलं, चिकाचे पांढरे डाग ओल्या फडक्यानं पुसले. दिवा हिरवा! पाणी असं आलं की माझं तोंडच धुतलं. निम्म्या कुरडया मोडल्या. मोडू दे.

१२ मार्च, गुरुवार

गटात सगळं खरं सांगितलं. मीच पाटीला लुगडं नेसवलं होतं म्हनले. हसणारी तोंडं चाळीस! पण मागून दोघांनी हळूच कबूल केलं — एकाच्या घरी मिरच्या, एकाच्या घरी सांडगे. आठ-आठ दिवस पंप बंद ठेवून बसलेले, विचारायची लाज म्हणून.

विजयसिंहानं लिहिलं, विषय सोडून बोलू नये. मग विषय काय हाय गटाचा?

१४ मार्च, शनिवार

पालीचा सटवा म्हणून एक नवीन आला, अन् सगळे त्याच्या अंगावर धावले. फोटो कुठंय, नंबर कुठंय. मी मधी घुसले. लिहिलं — पाणी घ्या, बसा, मग सांगा काल नवीन काय केलं. सांगितलं बिचाऱ्यानं. ट्रॅक्टर वळवताना वायर तुटली होती. म्हनले, तिला हात लावू नका, वायरमनला बोलवा.

संध्याकाळी विजयसिंहाचा फोन. "आज्जी, गट हाय हा, तुमची वसरी न्हाई."

त्याचंबी खोटं न्हाई. शेतातून दमून येतो, फुकट उत्तरं देतो, रोज तेच ते. म्हनले, बाबा, तुझे व्होल्ट मीबी शिकते. पण ज्याला व्होल्ट कळतात तो कशाला विचारायला येईल? एका वेळी एकच विचारावं माणसाला.

पुन्हा लिहिलं तर काढतो म्हनला. काढलं तर उद्या पंप अडला की मी कुणाला विचारू? ते भ्या हायच. पण म्हनले, काढ. तोवर लिहीन.

१५ मार्च, रविवार

अजून काढलं न्हाई. आज गटात पाच जणांना आधी पाणी विचारलं, मग पंपाचं!

१६ मार्च, सोमवार

एका बाईचा फोन. आवाज एकदम बारीक, कुणी ऐकंल म्हणून. लाल दिवा. नवीन काय केलं विचारलं, तर गोधडी धुऊन पाटीवर टाकलेली! काढली, पंप चालू. दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. नाव सांगंना. गटात कावून विचारलं न्हाई म्हनले, तर म्हनाली, "त्यात माझा लेक हाय. त्यालाच भिते."

१७ मार्च, मंगळवार

कालची बाई दारात. वनमालाबाई, तेलगावच्या. रातीच लेकाला सगळं सांगितलं म्हनाल्या. मागं लेक मान खाली घालून — विजयसिंह! वसरीवर बसला. मी तांब्या दिला. निम्मा प्याला अन् म्हनला, "आज्जी, आईनं मला कावून विचारलं न्हाई?" म्हनले, आधी पाणी संपव. त्यानं तांब्या रिकामा केला. मला शिकवायला व्होल्ट मोजायचं यंत्र घेऊन शुक्रवारी परत येतो म्हनाले दोघं.