मिश्रीचा कण

आई, आज माझ्या विद्यार्थ्यांसमोर वर्गात पुन्हा तुझी स्लाइड काढली. मी विद्यापीठात पेशीविज्ञान शिकत होते तेव्हाची. बाईच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून रंगवल्या की काही पेशींत केंद्रकाच्या कडेला एक गडद ठिपका दिसतो. पुरुषाच्या पेशींत तो सहसा नसतो. माझ्या पेशींत तो मला सापडेना, म्हणून घरी तुझ्याकडे आले. तू दिघाशी गावातल्या घराच्या मागच्या पायरीवर बसली आहेस, बोट काळं, दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूची, मिश्रीची डबी मांडीवर. "गो बाय, येवढी शिकलीस न आता आयशीचं तोंड खरवडतेस?" म्हणतेस, पण आ करतेस. चूळ भर, हे सांगायचं मला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपका दिसला. ठळक, हवा तिथेच. मी ऐटीत सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आई मिश्री लावते?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हा मिश्रीचाच कण आहे. घरी जाऊन आईच्या तोंडात टॉर्च मारून बघ. पांढरा चट्टा आहे का?"

होता. तू म्हणालीस, "दुखत न्हाय, जळत न्हाय. डॉक्टरला दावू काय?" बरेच दिवस असेच गेले. मग एका सकाळी आपणहून लुगडं बदलून उभी राहिलीस. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी कर्करोगाच्या पेशींवरचा धडा सोडून बाकी सगळं वाचत होते. कर्करोग नव्हता. मात्र मिश्री बंद, नाहीतर होईल, असं डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात तू डबी बाहेर रिकामी केलीस. मी ती फेकायला हात पुढे केला, तर म्हणालीस, "फेकू नको, पत्रा चांगला हाय. जिरं ठेवू." त्यानंतर बरीच वर्षं आपल्या आमटीतलं जिरं त्याच डबीतलं होतं. तू गेलीस ती हृदयविकाराने.

ती स्लाइड सरांनी मला पक्की करून ठेवायला लावली, चूक कशी दिसते ते लक्षात राहावं म्हणून. मुलांना ती दाखवते, कोणाची ते सांगत नाही. आज एकीने उत्तरपत्रिकेत मिश्रीच्या कणाला बाण काढून त्याला केंद्रकाचा ठिपका म्हटलं आहे. दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. याचा एक गुण कापायचा असतो. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून सांगते: मी तो कधीच कापलेला नाही.