पोटाशी धरलेला हात

आबा, तुम्ही गेल्याला सोळा वर्षं झाली. आज लिहायला बसलो, कारण गेल्या महिन्यात माझ्या चालण्यात काहीतरी निघालं. गुडघा दुखतो म्हणून मुलगी मला इथे सुरतेत, उधन्यातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे आता संगणक चाल तपासतो. दहा पावलं जायचं, परत यायचं. कॅमेरा बघतो आणि पडद्यावर आपलाच काड्यांचा माणूस चालू लागतो, सांध्यासांध्यावर ठिपके. हजारो लोकांची चाल बघून तो शिकलाय म्हणे. गुडघ्याचं त्याने थोडक्यात आटपलं, पण उजव्या हाताखाली लाल रेघ ओढली. डॉक्टरीणबाईंनी गुजरातीत विचारलं, "काका, आ जमणो हाथ केम नथी हालतो?" मी म्हटलं, "हलतो की!" आणि उजवा हात हलवून दाखवला. त्या हसल्या नाहीत. कंपवाताची सुरुवात कधीकधी अशी होते, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाल्या. घरी येताना रिक्षातच मुलीने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. पुढचे चार दिवस मी आरतीचं ताट त्याच हातात धरत होतो, ज्योत थरथरते का बघायला.

मोठ्या डॉक्टरांनी बोटं नाचवून घेतली, मनगट फिरवून पाहिलं. मग विचारलं, "आयुष्यभर काम काय केलं?" कापडाचे लूम चालवले, म्हटलं. "मग लूमवर चालायचात तसं चालून दाखवा." मी दोन खुर्च्यांमधून निघालो, उजवा हात आपोआप पोटाशी गेला आणि तुम्ही आठवलात. दहावी करून गावाहून तुमच्याबरोबर लूमवर आलो, तो पहिला आठवडा. दोन लूममधली वाट जेमतेम एका माणसाची, उजव्या बाजूला फिरते पट्टे. मी कवायतीसारखा हात झुलवत निघतो आणि तुम्ही सगळ्यांसमोर दंडावर फटका मारता. "हात पोटले लाव! नही ते पट्टा लई जाई!" कुणीतरी ओरडतं, "पोऱ्या परेडवर निघाला रे!" सगळे हसतात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलत नाही, डबाही लांब बसून खातो.

हे सगळं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजार नाही, सवय आहे. त्या संगणकाने लूम कुठे बघितलाय?" मुलीने डोळे पुसले आणि जिन्यातच मला चिडवलं, "पप्पा, आजोबांचा एवढा धाक?"

माझ्याबरोबरच्या दोघांची बोटं पट्ट्यात गेली, आबा. माझी दहाही शाबूत आहेत. सकाळी देवाला फूल वाहताना हल्ली आधी तुम्हीच आठवता. खांदा आखडू नये म्हणून रोज गच्चीवर हात मोकळा सोडून चालायला सांगितलंय. चालतोही. हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगतो: गच्चीवर कोणी नसतं, तरी हात सोडण्याआधी मी एकदा मागे वळून बघतो.